पिवळं बाळ आणि पुडीतले जंतू

घरात बाळंतीण आहे म्हणून काम सोडून रेडिओजवळ येऊन बसलेल्या आजींना आणि आत्याबाईंना आमचा खास नमस्कार, कारण आजचं बोलणं जास्त त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या भागात पारगाव एकापेक्षा जास्त आहेत. आळ्याकडचं आहे, कारखान्याचं आहे. पण आमच्याकडे जे निरोप येतात, ते कुठल्याही पारगावचे असोत, अवसरीचे असोत की घोडेगावच्या वरच्या वाड्यांमधले असोत, त्यात एक प्रश्न हमखास असतो. ‘बाळ पिवळं दिसतंय. माझ्या जावेच्या बाळाला दवाखान्यात असताना एक पुडी दिली होती, प्रोबायोटिक की काय म्हणतात ती. तीच मेडिकलमधून आणून पाजू का?’ जावेच्या जागी कधी बहीण असते, कधी शेजारीण. पुडीच्या जागी कधी थेंबांची बाटली असते. प्रश्न एकच.

उत्तर आधीच सांगतो, म्हणजे कुणाला मधेच उठावं लागलं तरी हरकत नाही. आपल्या मनानं पुडी देऊ नका. बाळ पिवळं दिसत असेल तर आधी ते डॉक्टरांना दाखवा, रक्तातली कावीळ मोजू द्या. पुडीची गोष्ट त्यानंतरची, आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तरच.

पण एवढं सांगून आम्ही थांबलो तर तुम्ही म्हणाल, मग जावेच्या बाळाला का दिली? डॉक्टर काय उगाच देतील? रास्त आहे. त्या पुडीमागे थोडं शास्त्र आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी बाळ पिवळं होतं कसं, तिथून सुरुवात करू.

पोटात असताना बाळाला स्वतः श्वास घेता येत नाही. आईच्या रक्तातून येईल तेवढ्या प्राणवायूवर त्याचं भागतं. तो कमी पडू नये म्हणून बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी आपल्यापेक्षा जास्त असतात. बाहेर आल्यावर एवढ्या पेशींची गरज राहत नाही. शिवाय त्या टिकतातही कमी. मोठ्या माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस राहते, नव्या बाळाची ७० ते ९० दिवस. पेशी मोडली की तिच्यातून एक पिवळं द्रव्य तयार होतं, त्याला बिलिरुबिन म्हणतात. ते गोळा करायचं, पाण्यात विरघळेल असं करायचं आणि पित्तातून आतड्यात सोडायचं, हे काम यकृताचं. नव्या बाळाचं यकृत या कामाला अजून सरावलेलं नसतं.

आपल्याकडे गाळप जोरात सुरू झाल्यावर कारखान्याच्या आवारात बगॅसचा डोंगर कसा उभा राहतो, ते तुम्ही पाहिलंच आहे. समजा गाळप चालू आहे आणि उचलायला ट्रॅक्टर दोनच. ढीग वाढणारच. बाळाचं तसंच होतं. आणि खरी गंमत पुढे आहे. जो माल ट्रॅक्टरनं फाटकाबाहेर नेला, त्यातला काही फिरून पुन्हा आवारात येतो. बाळाच्या आतड्यात एक पाचकरस असा असतो की यकृतानं नीट बांधून पाठवलेलं बिलिरुबिन तो पुन्हा सुटं करतो. सुटं झालं की आतडं ते शोषून घेतं आणि ते रक्तात परत जातं. जन्मानंतरची ती काळी-हिरवी चिकट शी असते ना, तिच्यात हे पिवळं द्रव्य भरपूर असतं. ती शी लवकर बाहेर पडली नाही तर हे फिरून येणंही वाढतं.

मोठ्या माणसात असं का होत नाही? कारण मोठ्यांच्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते. ते जंतू या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलून टाकतात, मग ते सहसा मागे फिरत नाही. आपल्या शीला तपकिरी रंग येतो तो त्यामुळेच. जंतू हे कुठल्या रसायनाच्या जोरावर करतात, ते अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली नेमकं शोधून काढलं. त्यांनी हेही पाहिलं, की पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ बाळांच्या आतड्यात हे काम करणारे जंतू नसतातच. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं आतडं विरजण न लावलेल्या दुधासारखं असतं म्हणा ना. विरजण हळूहळू लागतं. आईच्या अंगावरून लागतं, तिच्या दुधातून लागतं.

प्रोबायोटिकची कल्पना इथूनच निघाली. उपकारक जंतू बाहेरून दिले, तर बाळाला शी जास्त वेळा होईल, पिवळं द्रव्य लवकर बाहेर पडेल, ते सुटं करणाऱ्या पाचकरसाचं चालणार नाही, आणि कावीळ लवकर उतरेल. कल्पना चांगली आहे. ती खरी ठरली का, ते सांगतो. पण त्याआधी काविळीचं बघू, कारण पुडीच्या नादात कावीळ बघायचीच राहून जाते आणि आमची काळजी तीच आहे.

पूर्ण दिवसांच्या १०० बाळांमध्ये साधारण ६० बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्यांमध्ये तर ८०. म्हणजे पिवळं दिसणं ही जवळजवळ रीतच. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळेपणा दिसू लागतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढतो आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप जातो. त्याला कसलंही औषध लागत नाही. ‘आमच्या वेळेला कुठं होते दवाखाने, सगळी पोरं पिवळी व्हायची आणि बरी व्हायची,’ असं आजी म्हणतात ते या साठांतल्या बहुतेक बाळांबद्दल अगदी खरं आहे. जी बरी झाली नाहीत त्यांच्याबद्दल आजी बोलत नाहीत. कारण ती ‘दृष्ट लागून’ गेली, ‘झटका येऊन’ गेली. त्या वेळी त्याला कावीळ कुणी म्हटलंच नाही.

बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं. बाळ वाचलं तरी पुढे त्याला ऐकू येत नाही, मान धरायला वेळ लागतो, हातपाय त्याच्या मनाविरुद्ध वेडेवाकडे हलत राहतात. एकदा मेंदूला इजा झाली की ती भरून निघत नाही. आणि हे सगळं टाळता येतं. वेळेत मोजलं आणि वेळेत उपचार झाला तर टाळता येतंच, म्हणून तर एवढं बोलतोय.

मग साधं पिवळं आणि धोक्याचं पिवळं ओळखायचं कसं? जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं, तर ते साधं नसतं, त्याच वेळी दाखवायचं. पिवळेपणा तोंडाकडून खाली उतरत जातो. कपाळ, छाती, पोट, मांड्या असं करत तळहात आणि तळपायांपर्यंत पोचला असेल तर रात्र असो की दिवस, निघायचं. बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, एकदम ढिलं पडलंय किंवा उलट पाठ मागे ताणतंय, रडण्याचा आवाज चिरका झालाय, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला तरी तपासायचं. आणि एक गोष्ट आजींनी लक्षात ठेवावी, कारण लंगोट त्याच बदलतात. बाळाची शी पांढुरकी, खडूसारखी किंवा मातकट फिकी होत असेल आणि लघवीनं लंगोटावर पिवळा डाग पडत असेल, तर ती कावीळ वेगळी. पित्ताची वाट बंद असू शकते. त्याला शस्त्रक्रिया लागते आणि ती बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झाली तर जास्त उपयोगी पडते. अशा बाळाला प्रोबायोटिक पाजत बसणं म्हणजे ते दोन महिने वाया घालवणं.

बघायचं कुठं, हेही सांगायला हवं. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी. वारं लागू नये म्हणून खिडकीला चादर, वर पिवळा बल्ब. त्या उजेडात सगळीच बाळं पिवळी दिसतात, नाहीतर कुठलंच दिसत नाही. बाळाला दिवसाउजेडी दाराशी आणा. कपाळावर, छातीवर, पायावर बोटानं हलकं दाबून सोडा, दाबलेल्या जागी खालचा रंग दिसतो. सावळ्या बाळांचं कातडीवरून कळणं कठीण, मग डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा. एवढं करूनही डोळ्यांचा अंदाज चुकतो. खरं काय ते रक्ताच्या तपासणीत कळतं.

आमच्यातल्या एका आशाताईनं सांगितलेली हकिगत इथं सांगतो. गाळपाचा हंगाम होता. ऊसतोडीला आलेल्या एका टोळीत एक मुलगी बाळंत झाली होती. दवाखान्यात बाळंतपण होऊन तिसऱ्या दिवशी ती कोपीवर परत आलेली. आशाताई गेल्या तेव्हा कोपीत अंधार, बाळ कापडात गुंडाळलेलं. ‘लई शहाणं हाय, रडतच नाही, नुसतं झोपतंय,’ असं बाळाची आजी कौतुकानं म्हणाली. उशाशी प्रोबायोटिकच्या पुड्या होत्या. टोळीतल्या कुणीतरी ‘पिवळ्यावर हे देतात’ म्हणून दुकानातून आणून दिल्या होत्या, दोन देऊनही झाल्या होत्या. आशाताईंनी बाळाला बाहेर उन्हाच्या कडेला आणून कापड सोडलं तर तळपाय हळदीसारखे. त्यांनी लगेच १०८ ला फोन लावला. बाळाला दवाखान्यात प्रकाशाखाली ठेवलं आणि ते बरं होऊन आलं. त्या पुड्यांनी बाळाचं वाईट केलं असं आशाताईंचं म्हणणं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की पुडी दिल्यामुळे घरच्यांना वाटत राहिलं, की औषध चालू आहे.

झोपून राहणारं बाळ शहाणं नसतं, बायांनो. पहिल्या आठवड्यातलं बाळ दुधासाठी दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा उठायला हवं. उठत नसेल तर काहीतरी बिघडलंय.

आता उपचाराचं. काविळीचा मुख्य उपचार प्रकाशाचा. दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, डोळ्यांवर पट्टी बांधतात. त्या प्रकाशानं कातडीतल्या बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि यकृताच्या मदतीशिवायही ते शी-लघवीतून बाहेर पडू शकतं. हा उपचार सापडला तो एका नर्सबाईच्या नजरेमुळे, हे आम्हाला फार आवडतं. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स होत्या. ऊन छान पडलं की त्या नाजूक बाळांना अंगणात घेऊन जात. एकदा डॉक्टर फेरीवर आले तेव्हा त्यांनी एका बाळाचं अंग उघडं करून दाखवलं. सगळं अंग फिकट झालं होतं, फक्त कापडाचा कोपरा पडला होता तेवढाच तुकडा पिवळा राहिला होता. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतली कावीळही कमी मोजली गेली. डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावरून दिव्यांचं यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये ते जगापुढे मांडलं. नर्सबाईनं पाहिलं, बोलून दाखवलं, आणि डॉक्टरांनी ऐकलं. यातली तिसरी गोष्ट दरवेळी होतेच असं नाही.

मग लगेच प्रश्न येतो, की उन्हात ठेवलं तर? कोवळं ऊन द्यायची आपली पद्धत आहेच. पण उपचार म्हणून ऊन पुरत नाही. काविळीवर काम करणारा प्रकाश किती मिळाला ते उन्हात मोजता येत नाही, उघडं बाळ डिसेंबरच्या सकाळी गारठतं आणि एप्रिलमध्ये भाजतं. आमच्याकडच्या थंडीत कोवळं ऊन येईपर्यंत आठ वाजतात. हौसेनं दोन मिनिटं ऊन दाखवा, पण त्यासाठी दवाखाना पुढे ढकलू नका.

आता पुडीकडे येऊ. प्रकाशाच्या जोडीला प्रोबायोटिक दिलं तर फायदा होतो का, याचे प्रयोग चीन, इराण, तुर्कस्तान अशा देशांत झाले आहेत. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात काम करणाऱ्या तीन डॉक्टरांनी असे नऊ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांतल्या दोघांचं आडनाव देशमुख, म्हणजे आपलीच माणसं. त्यांना असं दिसलं की प्रोबायोटिक दिलेल्या बाळांना दिव्याखाली सरासरी सुमारे १२ तास कमी राहावं लागलं आणि रक्तातली कावीळही थोडी लवकर उतरली. कावीळ मुळात होऊच नये म्हणून आधीपासून दिलं, तर मात्र ती टळते असं काही दिसलं नाही. आणि त्यांनीच स्पष्ट लिहिलं, की हा पुरावा अजून कच्चा आहे.

बारा तास म्हणजे काही थोडे नाहीत. बाळ काचेच्या पेटीत आणि आपण बाहेर बाकड्यावर, छाती दुधानं भरून आलेली, टाके दुखतायत, अशा आईला विचारा बारा तास म्हणजे काय ते. तेव्हा डॉक्टरांनी दिव्याच्या जोडीला पुडी लिहून दिली तर त्याला आमची ना नाही, त्यांच्याकडे त्याचं कारण आहे. फक्त हे बघा, की त्या सगळ्या अभ्यासांत उपचार करायची बाळं दिव्याखालीच होती. दवाखान्यात होती, त्यांचं रक्त वरचेवर तपासलं जात होतं. दिव्याच्या ऐवजी पुडी, घरच्या घरी पुडी, तपासणीशिवाय पुडी, असं त्यात कुठेही नाही.

पुरावा कच्चा का म्हणायचा? एकतर अभ्यास लहान. दुसरं म्हणजे प्रत्येकात जंतू वेगळा. कुणी लॅक्टोबॅसिलस दिला, कुणी बायफिडोबॅक्टेरियम, कुणी जंतू सोडून यीस्टच दिलं. प्रमाण वेगळं, दिवस वेगळे. ‘प्रोबायोटिक’ हे एका औषधाचं नाव नाही, ते ‘विरजण’सारखं आहे. एका घरच्या विरजणाचं दही घट्ट लागतं, दुसऱ्या घरच्या विरजणाला तार सुटते. जावेच्या बाळाला दिलेली पुडी आणि तुमच्या दुकानातली पुडी यांच्या आत एकच जंतू आहे, हे पाकिटाच्या चित्रावरून कसं कळणार?

आपल्या देशातला एक मोठा अभ्यास पेपरात गाजला होता, त्याचंही सांगतो, कारण काही जणी त्याचा दाखला देतात. ओडिशातल्या १४९ गावांत साडेचार हजारांहून जास्त नव्या बाळांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम नावाचा एक ठरावीक जंतू, त्याच्या जोडीला त्याला पोसणारी एक साखर, असं सात दिवस दिलं. रक्तात जंतुदोष होणं किंवा बाळ दगावणं यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी झालं. हे फार मोठं काम आहे. पण तो अभ्यास जंतुदोषाचा होता, काविळीचा नव्हता. बाळं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची, अंगावर पिणारी होती. जंतू पारखून घेतलेला होता. त्यावरून दुकानातल्या कुठल्याही पुडीनं कावीळ उतरते, असं म्हणता येत नाही.

आणि पुडी अगदी निरुपद्रवी आहे असंही नाही. धडधाकट बाळाला सहसा काही होत नाही, हे खरं. पण अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाची गोष्ट निराळी, कारण हे जिवंत जंतू आहेत आणि त्या बाळाची ताकद कमी असते. २०१४ साली अमेरिकेत अशा एका बाळाला दिलेल्या पावडरीत बुरशी निघाली आणि ते बाळ दगावलं. २०२३ साली तिथंच दुसऱ्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात प्रोबायोटिकमधलेच जंतू शिरले. त्यानंतर तिथल्या सरकारी औषध खात्यानं, दवाखान्यात असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत डॉक्टरांना सावधगिरीची सूचना दिली.

आमची स्वतःची भीती याहून साधी आहे. पुडी कशात कालवणार? पाण्यात. कुठल्या पाण्यात? वाटी कुठली, चमचा कुठला, आणि उरलेली अर्धी पुडी दुमडून फडताळात ठेवणार ना? जंतुदोष टाळायला आणलेल्या पुडीतून जंतुदोष घरात यायचा. डॉक्टरांनी दिलीच तर कशात कालवायची, किती द्यायची, किती दिवस द्यायची आणि उघडल्यावर ठेवायची की टाकायची, हे तिथंच विचारून घ्या. लाजू नका. आईचं दूध पिळून त्यात कालवता येईल का, हेही विचारा.

काही जणींनी विचारलं, मग घरचं दही किंवा ताक बोटानं चाटवलं तर? नाही. दह्यातले जंतू मोठ्यांना चांगले असतील, पण नव्या बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. मध नाही, त्यातून एक जीवघेणा आजार होऊ शकतो. गुटी नाही. साखरपाणी, ग्लुकोजचं पाणी तर अजिबात नाही. पाण्यानं कावीळ धुऊन जात नाही, पिवळं द्रव्य शीतून बाहेर पडतं. पाण्यानं पोट भरलं की बाळ दूध कमी पितं, शी कमी होते आणि कावीळ उलट वाढते. काविळीची माळ घालणं, उतरवून घेणं याबद्दल एवढंच म्हणतो, की साठांतली बहुतेक बाळं कशानंही बरी होणारच असतात, म्हणून माळवाल्याचं नाव होतं.

आणि आता त्या विरजणाबद्दल, जे फुकट मिळतं. फ्रान्समधल्या तिसिए नावाच्या शास्त्रज्ञांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत एक फाटे फुटलेला जंतू सापडला, त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. आज पुड्यांवर बायफिडोबॅक्टेरियम म्हणून ज्याचं नाव छापतात तो हाच. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. मग त्या कशाला असतात? तर या जंतूला पोसायला. म्हणजे आपलं दूध बाळाला जेवू घालतं आणि बाळाच्या आतड्यातल्या पाहुण्यांनाही. जंतू आणि त्याचं खाणं दोन्ही एकाच ठिकाणी, ताजं. शिवाय पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक रेचक असतो, तो ती काळी शी लवकर बाहेर काढतो. म्हणून जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीला लावा. चीक पिळून टाकायला सांगणारं घरात कुणी अजून असेल, तर त्यांना हा कार्यक्रम ऐकवा.

‘दूधच येत नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बायांचं बहुतेकदा असं असतं, की बाळ नीट धरलेलं नसतं. नुसतं बोंड तोंडात दिलेलं असतं, भोवतालचा काळा भाग बाहेर. आशाताईला समोर बसवून एकदा पाजून दाखवा. बाळाला दिव्याखाली ठेवलं तरी पाजणं थांबवायचं नसतं. मधे बाहेर काढून पाजता येतं. कावीळ झाली म्हणून आईचं दूध तोडायचं, हळद-तेल बंद करायचं, तिला नुसता पांढरा भात द्यायचा, असं आपल्याकडे करतात. आईनं पिवळं खाल्लं म्हणून बाळ पिवळं होत नाही. तिला भाकरी, भाजी, डाळ, अंडी, जे घरात असेल ते पोटभर द्या.

एक गोष्ट पेटीतल्या कपड्यांची. बाळासाठी जपून ठेवलेली जुनी मऊ लुगडी, दुपटी, गोधड्या आपण डांबराच्या गोळ्या घालून ठेवतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, ती मुलग्यांत जास्त आढळते. अशा बाळाला त्या गोळ्यांचा वास लागला, कपडे अंगाला लागले, तर तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ एकाएकी चढते. बाळाला ती कमतरता आहे की नाही हे आपल्याला कुठं ठाऊक असतं? तेव्हा बाळाच्या कपड्यांत गोळ्या घालूच नका. घातल्या असतील तर कपडे नुसते धुऊन भागत नाही, बाळासाठी दुसरे घ्या. कुणाच्या घरी आधीच्या मुलाला असं झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आता जाण्या-येण्याचं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर ४८ तास तिथंच राहा. ‘घरी जनावरं आहेत, ऊस तुटायचाय’ म्हणून दुसऱ्या दिवशी उठून येऊ नका. कावीळ चढते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी, नेमकं आपण घरी आल्यावर. म्हणून तर आशाताई तिसऱ्या दिवशी येतात, मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या घरभेटींची पद्धत आपल्याच महाराष्ट्रातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना शिकवून दाखवून दिलं, की बाळाला घरी जाऊन बघितलं तर बाळं वाचतात. १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या कामात आलं. आशाताई आल्या की बाळ झोपलंय म्हणून त्यांना ओट्यावरून परत पाठवू नका. बाळ उठवा, उघडं करून दाखवा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी नवजात बाळाची सरकारी दवाखान्यातली तपासणी, उपचार आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट असते. १०२ किंवा १०८ ला फोन करा. मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर यांपैकी तुम्हाला जवळ कुठलं आणि दिव्याचा उपचार कुठं चालू आहे, हे सातव्या-आठव्या महिन्यातच आशाताईकडून विचारून ठेवा. पुण्याला पाठवलं तर घाबरू नका आणि वाटेत उतरून दुसरीकडे जाऊ नका. वाटेत बाळाला पाजत राहा, डोक्यावर टोपरं आणि बाळ आपल्या छातीला उराशी धरलेलं, म्हणजे गारठणार नाही.

दवाखान्यात आकडा सांगतील. दहा, बारा, पंधरा, अठरा असा काही तरी. तो आकडा शेजारणीच्या बाळाशी जोडून बघू नका. बाळ किती तासांचं आहे, किती महिन्यांचं जन्मलंय, वजन किती, यावर कुठला आकडा चालेल आणि कुठला नाही ते ठरतं. पूर्ण दिवसांच्या पाच दिवसांच्या बाळाला जो चालेल तोच एक दिवसाच्या बाळाला धोक्याचा असतो.

शेवटी ज्या मैत्रिणींना आत्ता दिवस आहेत त्यांच्यासाठी एक काम. तुमच्या कार्डावर रक्तगट लिहिला आहे का ते आजच बघा. तो निगेटिव्ह असेल आणि मालकांचा पॉझिटिव्ह असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. सातव्या महिन्याच्या सुमारास, म्हणजे २८ आठवड्यांना एक आणि बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक, असं इंजेक्शन असतं, ते पुढच्या बाळाची जोरदार कावीळ टाळतं. आईचा गट ‘ओ’ असेल तरी बाळाकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. आणि आधीच्या बाळाला दिव्याखाली ठेवावं लागलं होतं का, हे कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा. कार्ड सापडत नसेल तर ते बहुतेक माहेरच्या पिशवीत असतं, तिथं बघा.